हवामानाचं कोरं पान

नारळ मी फोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे नऊ दिवस मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं आणि त्या नऊ दिवसांत एक घास मला गोड लागला नाही.

मी ममता. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या हेमकांत पाटलांची बायको आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं पोरांना गप्प बसवणारी बाई. मी वर्गात ओरडले की तापीच्या पलीकडच्या म्हशी मान वर करतात, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. सांगू देत. केळीच्या बागेत माणसं जमवून गप्पा हाणण्यापलीकडे त्यांना दुसरा उद्योग काय!

आमची एकुलती एक मुलगी काजल विमान चालवते. हो, विमान. बसत नाही, चालवते. खासगी वैमानिकाचा परवाना मिळून तिला तीन महिने झाले होते. इथून तासाभराच्या रस्त्यावर एक धावपट्टी आहे, तिथल्या उड्डाणशाळेत ती शिकली. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहते, शाळेचं लहानसं विमान तासावर घेते आणि एकेक तास करून आपली वही भरते. पुढे मोठा परवाना काढायचाय म्हणे. ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी मी वर्गात सातचा पाढा घेत होते आणि सात साते पन्नास म्हणून बसले. पोरांनी ते अजून लक्षात ठेवलंय.

आता परवाना मिळाल्यावर तिला पहिल्यांदा लांब जायचं होतं, तेही एकटीनं. धावपट्टीवरून निघायचं, तापीच्या काठाकाठानं पश्चिमेला यायचं, आमच्या प्रकाशाच्या पुलावरून वळायचं आणि परत. सव्वा तासाचं काम. त्यासाठी मांडीवर बांधायला एक टॅबलेट, त्यात रस्ता दाखवणारं अ‍ॅप आणि हवामान कळायला एक यंत्र घ्यावं असं तिच्या मनात होतं. तिनं हे घरात बोलून दाखवलं, तिथेच चुकली.

आमच्या घरात वस्तू घ्यायची म्हणजे पंचायत बसते. यांनी पाण्याची मोटर घेतली तेव्हा शहाद्याला अकरा चकरा मारल्या होत्या. टॅबलेटच्या बाबतीत मात्र यांना एकदम स्फुरण चढलं. न विचारता दुकानात गेले आणि दुकानातला सगळ्यात मोठा टॅबलेट उचलून घेऊन आले.

"लेवानं तर मोठंच लेवानं," म्हणाले. "पोरले लांबथून दिसाले पाहिजे."

काजलनं स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली, तिच्यावर बसली, माझं लाटणं दोन्ही हातांत आडवं धरलं आणि म्हणाली, "पप्पा, हे सुकाणू समजा. आता तो तुमचा टॅबलेट माझ्या मांडीवर ठेवा." ठेवला. लाटणं पोटाकडे ओढायला गेली तर टॅबलेटला अडून बसलं.

"आता विमान वर जाणार कसं?" तिनं विचारलं.

यांनी टॅबलेट आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, मग मुकाट्यानं परत खोक्यात घातला. दुसऱ्या दिवशी वहीएवढा लहान टॅबलेट आला, सिमकार्डाची जागा असलेला. तसाच हवा, त्यालाच स्वतःला कळतं आपण कुठे आहोत ते, असं तिनं बजावून सांगितलं होतं.

हवामानाच्या यंत्राची जबाबदारी माझ्या दिरानं घेतली. शांतीलालभाऊजी अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. अकरा वर्षांत एकदाही गावी आलेले नाहीत, पण इथल्या केळीला पाणी कधी द्यायचं ते तिथून सांगतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यांच्या घराजवळ लहान विमानांचं मैदान आहे. तिथे जाऊन त्यांनी चार वैमानिकांना विचारलं आणि सगळे जे वापरतात ते यंत्र विकत घेऊन माझ्या भाच्याच्या, भूपेशच्या हाती पाठवून दिलं. भूपेशही तिकडेच असतो, एका लग्नाला गावी आला होता. त्याच्या पेटीत साड्यांच्या घड्यांमध्ये ते यंत्र आलं. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, काळं, वर बारीक बारीक भोकं.

आता आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की आधी कुंकू, मग वापर. ट्रॅक्टर असो, फवारणीचा पंप असो, माझं कपडे धुवायचं मशीन असो. स्वस्तिक काढायचं, हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडून त्याचे तीन थेंब वर शिंपडायचे. मशीनच्या बाबतीत कधी कुणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे विचार करायची सवयच नाही. शुक्रवारी संध्याकाळी देवघरापुढे पाट मांडला, यंत्र ठेवलं. हे आणि काजल फोन धरून उभे होते, फोनवर भाऊजी. अमेरिकेत सकाळ होती, भाऊजी चहा पीत पीत बघत होते.

मी नारळ आपटला. नारळ चांगला पाणीदार होता. नको तिथे फुटला आणि अर्धं पाणी थेट यंत्रावर!

कुणी पाहिलं नाही. त्याच क्षणी फोनवर भाऊजी रडायला लागले होते. "मला तुमच्यासाठी कधी काही करता आलं नाही वहिनी," असं काहीसं म्हणत होते आणि हे दोघं बापलेक त्यांच्याकडे बघत होते. मी पदर पुढे केला, भसकन यंत्र पुसलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शनिवारी गच्चीवर परीक्षा झाली. मे महिना, ऊन चव्वेचाळीसचं, चप्पल काढली तर पाय भाजतील असं. काजल म्हणाली, विमानाच्या काचेखाली याहून वेगळं नसतं, इथेच बघू. तिनं टॅबलेटमध्ये तीन अ‍ॅप घेतली होती. पहिलं भाऊजींच्या मैदानावरचे लोक वापरतात ते. नकाशा काय सुरेख! पण आमचा मुलूख आला की सगळा मोकळा. तापी एक निळी रेघ, बाकी गाव नाही की टेकडी नाही. त्यातच हवामानाचं पान होतं, त्या यंत्राला जोडलेलं. काजलनं ते उघडलं. यंत्राचा हिरवा दिवा लागला होता, म्हणजे जीव होता. पण पान कोरं. मी डोळ्यांवर हात धरून तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. ना ढग, ना वारा, ना काही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत केंद्रं शून्य असं काहीतरी.

"हं," काजल म्हणाली आणि पान मिटलं.

यांनी लगेच भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणाले, "काळजी नको, जमिनीवरून नाहीच दिसत. वर गेल्यावर हवामान येतं, इथले सगळे तेच सांगतात." हे खूश. काजलनं नुसती मान हलवली. मला मात्र ठाऊक होतं. वर गेल्यावर काय, स्वर्गात गेलं तरी ते आता बोलणार नव्हतं. त्याच्या कानात मी नारळाचं पाणी ओतलं होतं.

दुसरं अ‍ॅप तिनं पाच मिनिटांत काढून टाकलं. फोनचं नेट बंद केलं तसा त्याचा नकाशा गायब झाला. तिसरं दिसायला अगदीच साधं होतं, सरकारी फॉर्मसारखं. पण सातपुड्याची उंची, आपल्याकडच्या धावपट्ट्या, जिथे जायचं नाही त्या जागा, सगळं आधीच आत भरून ठेवलेलं, नेट असो नसो. "हे घेते," काजल म्हणाली. तेवढ्यात टॅबलेटनं ताप चढला म्हणून स्वतःच डोळे मिटले. अठरा मिनिटं टिकला. मग तिनं त्याला पांढरं कव्हर आणायचं ठरवलं आणि विमानात वारा येतो त्या भोकासमोर बांधायचं ठरवलं. बापलेक खाली जेवायला गेले. मी गच्चीवरच उभी राहिले, डोकं तापलेलं, ऊन जाणवत नव्हतं.

काय वाटत होतं ते सरळ सांगते. माझी पोर हजारो फुटांवर एकटी असेल. समोर ढग असेल. ती त्या पानाकडे बघेल, पान कोरं असेल आणि तिला वाटेल, आभाळ मोकळं आहे. ती त्या कोऱ्या पानावर भरवसा ठेवून पुढे जाईल. आणि ते पान मी कोरं केलेलं असेल.

मग सांगून का नाही टाकलं? विचारा ना, मीही स्वतःला रोज विचारत होते. एक तर भाऊजी. त्या माणसानं अकरा वर्षांनी एक वस्तू पाठवली आणि वहिनीनं ती पहिल्याच मिनिटाला बुडवली! दुसरं म्हणजे आमचे हे. यांनी तोवर अर्ध्या प्रकाशाला सांगून ठेवलं होतं की आमच्या पोरीच्या विमानात अमेरिकेचं यंत्र आहे, त्यात ढग दिसतात. आणि तिसरं, खरं कारण सांगू? मला लाज वाटत होती. वर्गात चूक कबूल करा म्हणून पोरांचे कान पिळणारी मी! झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत बसले. दुरुस्त करून ठेवू, कुणाला कळायचं नाही.

सोमवारी काजल परत उड्डाणशाळेत गेली, या वेळी थेट रविवारपर्यंत तिथेच राहणार होती. यंत्र घरीच ठेवून गेली. "राहू दे, रविवारी पप्पा घेऊन येतील," म्हणाली. मला वाटलं, देव पावला. ते यंत्र मी दोन रात्री तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, मोबाइल भिजला की ठेवतात तसं. बुधवारी बाहेर काढलं, भोकांतून तांदळाची कणी पडली. दिवा लागला. कोऱ्या पानाचं मात्र मला कळेना, कारण टॅबलेट तिच्याकडे.

गुरुवारी मी शहाद्याला पितांबरकडे गेले. पितांबर पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो, पंखे दुरुस्त करतो, माझा जुना विद्यार्थी आहे. त्याच्यापुढे यंत्र ठेवलं आणि म्हटलं, "कुणाला बोललास तर बघ."

त्यानं चार बारीक स्क्रू काढले, भिंग लावलं, फुंकर मारली. "मॅडम, आत पानीना थेंब बी नही शे."

"नीट बघ. नारळाचं पाणी आहे, चिकट असतं."

"नारळ?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग तो हसणार होता, पण मी डोळे वटारले तसा सावरला. "मॅडम, खरं सांगस. मशीन एकदम चांगलं शे. एक तांदूळ निंघना फक्त."

त्यानं तांदूळ माझ्या हातावर ठेवला. मी त्याच्यावरच उखडले. तुला काय कळतंय, मोटारी भरणारा तू, हे अमेरिकेचं आहे, असं काय काय बोलले. त्या बिचाऱ्यानं स्क्रू परत बसवून दिले. पैसेही घेतले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. मशीन चांगलं आहे असं कुणी म्हणालं तरी माझा विश्वास बसेना.

शुक्रवारी, शनिवारी फोनवर काजलला सांगायचं असं दहा वेळा ठरवलं. फोन लावला की ती म्हणायची, "मम्मी, रविवारी तीन वाजताची वेळ मिळालीय. विमान दुसऱ्या वेळी मोकळं नाही." मग मी विचारायचे, जेवलीस का? ती म्हणायची हो. संपलं संभाषण.

रविवारी दुपारी एकलाच आम्ही निघालो. आमच्या यांनी यंत्र स्वच्छ नॅपकिनमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, गाडी मी चालवत होते. निघताना पाहते तर आमच्या गच्चीवर आत्ताच दहा-बारा माणसं जमलेली! शेजारच्या सुगंधाबाईंनी तर पाण्याची कळशी वर नेऊन ठेवली होती. साडेतीनला विमान पुलावर येणार असं यांनी गावभर सांगितलं होतं. पुलावरही पोरं बसली होती. मी काही बोलले नाही. त्या दिवशी मी काही बोलले नाही म्हणजे किती, ते यांनाही कळलं. वाटेत दोनदा विचारलं, "तब्येत बरी शे ना तुन्ही?"

धावपट्टीवर ऊन मरणाचं होतं. वारा अजिबात नाही, पान हलत नव्हतं. काजल शेडमध्ये टेबलाशी बसली होती. समोर वही, टॅबलेट, मोबाइल. पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. मला ती एकदम कुणातरी दुसऱ्याची मुलगी वाटली, मोठी. यांनी नॅपकिन उलगडून यंत्र तिच्यापुढे ठेवलं. कुंकू अजून त्यावर होतं.

"हे लाव बेटा, मग कसाचीच भीती नही," हे म्हणाले.

तिनं ते उचललं आणि मला राहवलं नाही.

"थांब! लावू नकोस ते. ते मेलेलं आहे. मी मारलंय!"

आवाज इतका मोठा निघाला की पलीकडे विमान पुसणारा माणूस फडकं हातात धरून उभा राहिला. मग मी सगळं सांगितलं. नारळ, पाणी, पदर, तांदूळ, पितांबर. एका दमात. "पान कोरं आहे काजल, ते कोरंच राहणार. तू वर जाशील आणि तुला वाटेल आभाळ मोकळं आहे. मोकळं नसेल गं! मला आधी सांगायला हवं होतं. नऊ दिवस गप्प बसले मी, नऊ दिवस!" आणि मी, एकवीस वर्षं नोकरी केलेली बाई, परक्या शेडमध्ये पदर तोंडाला लावून रडायला लागले.

"मम्मी! काबरं रडी ऱ्हायनी तू?" काजल उठून आली. मला वाटलं, आता चिडेल. तर तिला हसू फुटलं. पोट धरून हसली, खुर्चीवर बसली, परत उठली, मला मिठी मारली.

"मम्मी, ते इथे चालणारच नव्हतं. नारळ फोडला असतास नाहीतर नसतास."

"म्हणजे?"

"अमेरिकेत जमिनीवर जागोजागी मनोरे आहेत. ते रेडिओवरून हवामान सांगत राहतात आणि हे यंत्र ऐकतं. आपल्याकडे तसे मनोरेच नाहीत. बोलणारं कुणी नाही, तर हे बिचारं ऐकणार काय? पितांबरदादा खरं बोलला. मशीन चांगलं आहे."

"हे तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी रात्रीच. सोबतचं पुस्तक वाचलं ना मी."

"आणि बोलली नाहीस?"

तिनं मान खाली घातली. "काका फोनवर रडत होता. पप्पांनी गावभर सांगितलं होतं. कसं बोलू?"

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. नऊ दिवस माझ्या जिवाची तगमग आणि ही भवानी हं म्हणून मोकळी! पण खरं सांगते, धपाटा घालतानाच माझा जीव भांड्यात पडला होता. मी काही मारलं नव्हतं. पितांबरला जाऊन आधी पेढे द्यायचे, असं मनात ठरवूनही टाकलं. आमचे हे मात्र यंत्राकडे बघत उभे होते, पंगतीत वाढता वाढता आपल्याच पानाशी भात संपल्यासारखं तोंड करून.

मग लगेच दुसरी काळजी उभी राहिली. "अगं, मग तुला हवामान सांगणार कोण?"

"हे बघ." तिनं टॅबलेट माझ्याकडे वळवला. ते सरकारी फॉर्मसारखं अ‍ॅप. "तीनातून हे का निवडलं माहितीय? बाकीच्यांत हवामान आलं नाही तर नकाशा कोरा राहतो. तुझी भीती बरोबर होती मम्मी, कोरं पान बघून माणूस फसतो. हे फसवत नाही. बघ."

नकाशाच्या वर लाल पट्टी होती. तीत स्पष्ट लिहिलं होतं, या भागातल्या हवामानाची माहिती नाही. खाली सुरतेच्या विमानतळाची नोंद, तिच्यापुढे किती मिनिटांपूर्वीची ते. इंदूरची, तिच्यापुढेही मिनिटं. एकवीस वर्षांत मला एवढं सज्जन मूल वर्गात भेटलं नाही. येत नाही तर येत नाही म्हणणारं.

"ही झाली विमानतळांची," काजल म्हणाली. "उपग्रहाचा फोटो मोबाइलवर बघते. आणि मधल्या गावांचं हे." तिनं वही उघडली. आतल्या पानावर पाच नावं आणि पाच फोन नंबर. तळोदा, नंदुरबार, नवापूरकडचं. शेवटचं नाव वाचून मला हसूच आलं. उदेसिंग गुरुजी, चिंचपाडा. माझ्याबरोबर आठ वर्षं एका शाळेत होते. आता निवृत्त होऊन गावी घर बांधून राहतात.

"त्यांचा नंबर तुला कुणी दिला?"

"तुझ्याच फोनमधून घेतला. त्यांना आवडतं. रोज विचारलं तरी चिडत नाहीत. तू चिडतेस."

सव्वादोनला उपग्रहाच्या फोटोत घाटाच्या अंगाला, गुरुजींच्या गावाजवळ, एक पांढरा ठिपका होता, वाटाण्याएवढा. तिनं गुरुजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बेटा, बरं केलंस फोन केलास," गुरुजी ओरडूनच बोलत होते, मागे भांडी पडल्यासारखा आवाज. "इकडे एकदम काळंकुट्ट झालंय. शेडचा पत्रा आत्ता उडाला माझ्या डोळ्यांदेखत! गारा पडताहेत. सगळं तुमच्या बाजूलाच निघालंय. तू कुठे आहेस?"

"जमिनीवर आहे काका."

"तिथेच राहा!"

तिनं फोन ठेवला. चिंचपाड्याहून ते पुढे सरकलं तर प्रकाशावरच येणार, ती पुलावर वळणार त्याच वेळेला. आमच्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन होतं. दारातून धावपट्टी चमकत होती. विमान पुसून तयार. तिचे सर अजून यायचे होते, सही व्हायची होती.

काजलनं घड्याळ बघितलं, वही मिटली आणि म्हणाली, "आज नाही."

"अगं, पण..." आमचे हे चुळबुळले. "आठे त ऊनच शे. आनि गच्चीवर लोके बठेल शेतस. मी सांगेल शे सगळासले."

"सांगा पप्पा, आज नाही म्हणून."

बस. एवढंच. आवाज चढवला नाही, कुणाकडे बघितलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन महिने मला काय खात होतं ते मला तेव्हा कळलं. पोरगी उडते याची भीती नव्हती. पोरगी बापाच्या शब्दाखातर, गावाच्या हौसेखातर, काकाच्या डोळ्यांतल्या पाण्याखातर उडेल, याची भीती होती. मी स्वतः तशीच आहे ना! एका नारळासाठी नऊ दिवस तोंड शिवून बसले. आणि ही माझी पोर नाही म्हणू शकते. बापाला, अख्ख्या प्रकाशाला. मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

सर आले, त्यांनी फोटो बघितला आणि मान डोलावली. माणसांनी विमान ढकलत आत नेलं, दोर बांधले. आम्ही शेडमध्येच बसून डब्यातली भेळ काढली. साडेतीनला यांचा मोबाइल वाजायला लागला. आमच्याकडच्या केळीवाल्यांचा एक ग्रुप आहे, कुठे वारा सुटला की तिथला माणूस लगेच कळवतो. एकामागून एक निरोप. प्रकाशामा वारा सुटना. पुलावर काहीच दिसी नही ऱ्हायनं. गच्चीवरनी कळशी उडी गयी. भाऊ, तुन्ही बाग आडवी व्हयी ऱ्हायनी.

मी यांच्याकडे बघितलं. हा माणूस वारा जरा वाढला की ताटावरून उठून बागेत जातो. वर्षभर झाडाला पोरासारखं वाढवलेलं, घड लागलेले, महिन्यावर काढणी. मला वाटलं आता उठतील, गाडी काढ म्हणतील.

त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. काजलकडे बघितलं. ती भेळेतला कांदा बाजूला काढत होती, लहानपणापासूनची खोड.

"पडू दे केळी," ते म्हणाले. "मन्ही आंडेर, मन्ही पोर खाले शे." आणि डोळे पुसायला त्यांनी तोच नॅपकिन घेतला, यंत्राचा.

चार वाजता वादळ आमच्यावर आलं. समोरची धावपट्टी धुळीत दिसेनाशी झाली, पत्रे थडथडले. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून बसलो होतो. अशा आवाजात एरवी मी देवाचा धावा केला असता. त्या दिवशी मी भेळ संपवली.

तेवढ्यात भाऊजींचा व्हिडिओ फोन. अमेरिकेत नुकतंच उजाडलं होतं, ते मुद्दाम लवकर उठले होते. "वहिनी, काय झालं? गेली का वर? यंत्रानं हवामान दाखवलं का?"

काजलनं माझ्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन फिरवून भाऊजींना दाराबाहेरचं वादळ दाखवलं आणि मग भिंतीला टेकून बसलेली, ओठाला चिंचेची चटणी लागलेली त्यांची पुतणी दाखवली.

भाऊजी पडद्याजवळ सरकले आणि पुतणीकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी पाठवलेलं कामाला आलं."

वर्गात एक खोटं मी आजवर खपवून घेतलेलं नाही. पण ते यंत्र आमच्यासमोर कुंकू लावून बसलं होतं, बाहेर गारा पडत होत्या आणि माझी पोर माझ्या खांद्याला खांदा लावून खाली, जमिनीवर होती.

"आलं हो भाऊजी," मी म्हणाले. "आलं कामाला."